वाचकांचे प्रश्न : आडनावातले गाव

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे दिवंगत कलावंतांविषयी आणि साहित्यिकांविषयी आहेत. कुणाला जन्मगाव हवे आहे, कुणाला तारीख, तर कुणाला भ्रमणध्वनीवर फिरणाऱ्या मजकुराची शहानिशा करून हवी आहे. पत्रे निवडताना लक्षात आले की प्रश्न कुठलाही असो, तो फिरून आडनावातल्या गावापाशीच येतो. केरकर, कुर्डीकर, मंगेशकर, बोरकर, पैंगीणकर अशी ही आडनावे आहेत. म्हणून या वेळी तीच पत्रे एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे न देता नेहमीप्रमाणे त्यांची गावे तेवढी दिली आहेत.

प्रश्न : केसरबाई केरकर यांना 'नासा' या अमेरिकी संस्थेने गायला बोलावले आणि त्यांचे गाणे अवकाशात पाठवले, असा मजकूर आमच्या गटात फिरतो आहे. त्यात त्यांचे गाव पेडणे तालुक्यातले समुद्रकाठचे केरी असे दिले आहे. यातले खरे किती? (वाचक, म्हापसा)

गाणे अवकाशात आहे, हे खरे. बोलावणे आणि समुद्रकिनारा या दोन गोष्टी मागाहून चिकटलेल्या आहेत.

गोव्यात केरी नावाची गावे एकाहून अधिक आहेत. एक पेडण्यात तेरेखोलच्या मुखाशी, एक सत्तरीत अंजुणे धरणाच्या बाजूला आणि एक फोंडा तालुक्यात. केसरबाईंचे केरी हे फोंड्याचे, जुनी माणसे ज्याला अंत्रुज महाल म्हणतात त्यातले. तिथे १३ जुलै १८९२ रोजी त्यांचा जन्म झाला. आठव्या वर्षाच्या सुमारास त्या कोल्हापूरला गेल्या आणि काही महिने अब्दुल करीम खाँ यांच्याकडे शिकल्या. गोव्यात परतल्यावर रामकृष्णबुवा वझे यांची तालीम मिळाली, पण बुवा कायम गोव्यात राहणारे नव्हते, त्यामुळे शिक्षण तुटक तुटक होत राहिले. पुढे मुंबईत बरकतुल्ला खाँ आणि भास्करबुवा बखले यांच्याकडेही त्या शिकल्या, पण तेही अखंड नव्हे. १९२१ मध्ये अल्लादिया खाँ यांचे शिष्यत्व मिळाले तेव्हा त्या तिशीला पोचल्या होत्या. आज ज्या वयात गायक-गायिकांचे पुरस्कार मोजायला सुरुवात होते, त्या वयात या बाईंनी पहिल्यापासून शिकायला घेतले आणि खाँसाहेबांच्या १९४६ मधल्या मृत्यूपर्यंत शिकणे सोडले नाही. त्यांच्या चरित्रातली मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट ही आहे, अवकाशयान नव्हे.

आता यानाविषयी. १९७७ मध्ये अमेरिकेने 'व्हॉयेजर' नावाची दोन याने सोडली. त्या प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी बसवलेली आहे. पृथ्वीबाहेर कुणी ऐकणारे असलेच तर त्यांच्यासाठी त्या तबकडीत पंचावन्न भाषांतले नमस्कार, निसर्गातले आवाज, चित्रे आणि जगभरातल्या संगीताचे सत्तावीस तुकडे साठवले आहेत. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांच्या समितीने ही निवड केली. भारतीय संगीतासाठी केसरबाईंची 'जात कहाँ हो' ही भैरवी सुचवली ती रॉबर्ट ब्राऊन या संगीत-अभ्यासकाने. साडेतीन मिनिटांचे ते ध्वनिमुद्रण जुने होते आणि बाजारातून केव्हाच नाहीसे झालेले होते. समितीतल्या अॅन ड्रुयान यांना त्याच्या प्रती अखेर सापडल्या त्या न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात, टेबलाखालच्या धुळकट खोक्यात. म्हणजे बोलावणे वगैरे काही नव्हते. गाणे आधीच गाऊन झालेले होते आणि गाणारी बाई मुंबईत होती. तबकडीवरच्या नमस्कारांत मराठीही आहे, हे सहसा कुणी सांगत नाही म्हणून सांगून ठेवतो.

पहिले यान २० ऑगस्टला उडाले, दुसरे ५ सप्टेंबरला, आणि १६ सप्टेंबर १९७७ रोजी मुंबईत केसरबाईंचे निधन झाले. (५ सप्टेंबरला उडालेल्या यानाचेच नाव 'व्हॉयेजर १' आहे. ते दुसऱ्यापेक्षा पुढे जाणार होते म्हणून क्रमांक असा उलटा. या उलट्या क्रमांकांमुळे अनेक लेखांत तारखांची अदलाबदल झालेली दिसते.) २०१२ च्या ऑगस्टमध्ये हे यान सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडले.

'सूरश्री' ही पदवी त्यांना १९४८ मध्ये कोलकात्यात मिळाली, संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार १९५३ मध्ये आणि पद्मभूषण १९६९ मध्ये. ध्वनिमुद्रणाबाबत त्या फार सावध होत्या. जे मागे उरले आहे, त्यातले पुष्कळसे तीन-साडेतीन मिनिटांत आवरते घेतलेले आहे. एका आकारात श्वास न तोडता फिरत जाणारी ती लांब तान ऐकली की मैफलीत तीच तान कुठवर जात असेल, याचा अंदाज करत बसावे लागते.

प्रश्न : केसरबाई श्रेष्ठ की मोगूबाई? (चार वेगवेगळी पत्रे)

केसरबाई आणि मोगूबाई कुर्डीकर या अल्लादिया खाँ या एकाच गुरूकडे शिकलेल्या दोघींत निवाडा करायला हे सदर बसलेले नाही. मोगूबाईंविषयीचे दुसरे पत्र शेवटी घेतले आहे.

प्रश्न : आपल्याकडच्या इतक्या गायिकांची आडनावे गावांवरून कशी? वडिलांचे आडनाव का लावलेले दिसत नाही? (वाचिका, डिचोली)

प्रश्न नाजूक आहे, पण आपण तो सरळ विचारला आहे, तेव्हा उत्तरही सरळ देतो. गोव्यातल्या देवळांच्या सेवेत गाणे-नाचणे आणि वाद्ये वाजवणे ज्या समाजाकडे होते, त्याला कलावंत म्हणत. या समाजातल्या स्त्रियांना विवाह नाकारलेला होता, त्यामुळे पित्याचे नाव लावण्याची सोय मुलांना नव्हती. देऊळ होते, देवळाचे गाव होते, आणि मुंबई-कोल्हापूर-सांगलीकडे पोट भरायला गेल्यावर 'कुठल्या आपण?' या प्रश्नाला त्या गावाचे नाव हेच उत्तर होते. तेच पुढे जाहिरातीवर आणि तबकडीच्या चिठ्ठीवर छापले गेले. काणकोणमधल्या पैंगीण गावचे राजाराम पैंगीणकर यांनी या समाजाच्या सुधारणेसाठी आयुष्य घातले आणि 'मी कोण?' या नावाने आत्मचरित्र लिहिले. आपला प्रश्न त्या दोन शब्दांत पूर्ण मावतो. हे पुस्तक पणजीतल्या मध्यवर्ती ग्रंथालयात मागून पाहावे.

याच पिढीच्या थोड्या आधीच्या अंजनीबाई मालपेकर (१८८३-१९७४). भेंडीबाजार घराण्याच्या नझीर खाँ यांच्या त्या शिष्या. संगीत नाटक अकादमीची सन्मान्य फेलोशिप मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री, वर्ष १९५८. मैफली थांबवल्यावर त्यांनी शिकवले, आणि शिकणाऱ्यांत कुमार गंधर्व आणि किशोरी आमोणकर होत्या, एवढे सांगितले तरी त्यांचे वजन कळावे. त्यांच्यावर मराठीत जेवढे लिहिले जायला हवे होते तेवढे लिहिले गेलेले नाही. आपल्याकडे जुनी कात्रणे असतील तर जपून ठेवा.

प्रश्न : मास्टर दीनानाथ मंगेशकर आणि पं. जितेंद्र अभिषेकी दोघेही मंगेशीचे. मग आडनावे वेगळी कशी? शिवाय दीनानाथांचे मूळ आडनाव हर्डीकर होते असे वाचले. (वाचक, मडगाव)

दोन्ही आडनावे एकाच देवळाच्या अंगणातली आहेत. दीनानाथांचे वडील गणेशभट हे मंगेशाच्या देवळातले पुजारी. हर्डीकर हे घराण्याचे मूळ आडनाव, आणि देवावर अभिषेक करण्याच्या सेवेमुळे लोक त्यांना अभिषेकी म्हणू लागले. आई येसूबाई कलावंत समाजातल्या. दीनानाथांनी यांतले कुठलेच आडनाव न घेता गावाचे घेतले. त्याच सेवेवरून आलेले अभिषेकी हे नाव जितेंद्रांच्या घराकडे राहिले. म्हणून एकाच्या नावात गाव आहे आणि दुसऱ्याच्या नावात त्या गावातले काम. यात आणखी एक पदर असा की मंगेशदेवही मूळचा मंगेशीचा नव्हे. पोर्तुगिजांच्या धाकाने तो १५६० मध्ये जुवारीकाठच्या कुशस्थळीहून (आजचे कुठ्ठाळी) इकडे आणला गेला. ज्या गावाचे नाव या घराण्याने जगभर नेले, ते गावच विस्थापित देवामुळे वसलेले आहे.

दीनानाथांचा जन्म २९ डिसेंबर १९०० चा आणि मृत्यू २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात. वयाची जेमतेम एकेचाळीस वर्षे. बाबा माशेलकरांकडे पहिले धडे, मग किर्लोस्कर नाटक मंडळी, आणि १९१८ मध्ये चिंतामणराव कोल्हटकर व कृष्णराव कोल्हापुरे यांच्याबरोबर स्वतःची 'बलवंत संगीत मंडळी'. त्या वेळी त्यांना अठरावेही पुरे झालेले नव्हते. राम गणेश गडकरी यांनी 'भावबंधन' या मंडळींसाठी लिहिले आणि नाटक पुरे करून ते जानेवारी १९१९ मध्ये वारले. त्यातली लतिका दीनानाथांनी उभी केली. पुरुषाने स्त्रीभूमिका करण्याचा तो काळ होता, हे खरे, पण दीनानाथांचा गळा त्या काळाला पुरून उरणारा होता. 'रणदुंदुभी' (१९२७) मधले 'परवशता पाश दैवे' किंवा सावरकरांच्या 'संन्यस्त खड्ग' (१९३१) मधले 'शत जन्म शोधिताना' ऐकावे. स्वर फेकल्यासारखा वर जातो आणि वरच कुठेतरी अनपेक्षित जागी वळतो. या दोन्ही नाटकांचे संगीत रामकृष्णबुवा वझ्यांचे. वर केसरबाईंच्या उत्तरात आलेले तेच हे वझेबुवा. केरीच्या मुलीला आणि मंगेशीच्या मुलाला एकाच बुवांची तालीम मिळाली, ही गोष्ट अंत्रुजातल्या माणसांनी अधिक ठासून सांगायला हरकत नाही.

पुढे बोलपट आले आणि नाटक मंडळ्या मोडल्या. 'बलवंत'ने चित्रपटात पाऊल टाकून १९३४ मध्ये 'कृष्णार्जुन युद्ध' काढला. तो चालला नाही आणि कर्ज मात्र राहिले. ज्यांना दीनानाथ केवळ लता मंगेशकरांचे वडील म्हणून ठाऊक आहेत, त्यांनी ती दोन पदे तरी ऐकावीत. पणजीच्या कला अकादमीतल्या मोठ्या नाट्यगृहाला त्यांचे नाव आहे आणि तिथे शिरताना ते नाव वाचण्यासाठी कुणी थांबत नाही.

अभिषेकींविषयी थोडक्यात. त्यांचा मृत्यू ७ नोव्हेंबर १९९८ चा. अझमत हुसेन खाँ आणि जगन्नाथबुवा पुरोहित हे त्यांचे गुरू, पण आरंभीचे शिक्षण गोव्यातच गिरिजाबाई केळेकर यांच्याकडे झाले. 'मत्स्यगंधा' (१९६४), 'ययाती आणि देवयानी' (१९६६), 'कट्यार काळजात घुसली' (१९६७), 'हे बंध रेशमाचे' (१९६८) या चार-पाच वर्षांतल्या नाटकांनी थकलेल्या नाट्यसंगीताला पुन्हा चालते केले. 'मत्स्यगंधा' रंगभूमीवर आणणारी 'दि गोवा हिंदू असोसिएशन', सत्यवती झालेल्या आशालता वाबगावकर आणि पराशर झालेले म्हापशाचे रामदास कामत हे सगळे धरले तर वसंत कानेटकरांचे हे नाटक अर्धेअधिक गोमंतकीय ठरते. आशालता २२ सप्टेंबर २०२० रोजी साताऱ्यात करोनाने गेल्या, मालिकेचे चित्रीकरण चालू असताना. कामत ८ जानेवारी २०२२ रोजी गेले.

प्रश्न : ज्योत्स्ना भोळे गोव्याच्या होत्या काय? (वाचिका, फोंडा)

होय, आणि आपल्या शेजारच्याच. बांदिवडे येथे ११ मे १९१४ रोजी जन्म, माहेरचे नाव दुर्गा केळेकर. वर उल्लेख आलेल्या गिरिजाबाई त्यांच्या भगिनी. 'आंधळ्यांची शाळा' (१९३३) आणि 'कुलवधू' (१९४२) ही त्यांची दोन मोठी नाटके. स्त्रीने स्त्रीची भूमिका करायची आणि ती गाऊन करायची, हे 'बोला अमृत बोला'पासून प्रेक्षकांच्या अंगवळणी पडले. ५ ऑगस्ट २००१ रोजी त्या गेल्या.

प्रश्न : बा. भ. बोरकर यांचे गाव बोरी की कुडचडे? दोन्ही गावांतले लोक आपापला हक्क सांगतात. (वाचक, केपे)

दोघांचाही हक्क खरा आहे. बाळकृष्ण भगवंत बोरकर यांचा जन्म ३० नोव्हेंबर १९१० रोजी कुडचड्याचा, घराणे बोरीचे. दोन्ही गावे जुवारीच्याच काठची, त्यामुळे नदीला विचारले तर तीही हात झटकेल. बोरीच्या माणसांना तसे कमी पडायचे काही कारण नाही. संवादिनीवादक तुळशीदास बोरकर (१९३४-२०१८) आणि कादंबरीकार सुभाष भेंडे (१९३६-२०१०) हेही बोरीचेच.

बाकीबाब, म्हणजे बोरकर, पोर्तुगीज अमलात वाढले, शिक्षक झाले, आणि १९४६ मध्ये गोव्यात मुक्तीची चळवळ पेटली तेव्हा नोकरी सोडून तिच्यात उतरले. १९५५ पासून आकाशवाणीत पुण्याला, आणि मुक्तीनंतर पणजीला, असे ते १९७० पर्यंत होते. 'प्रतिभा' हा पहिला संग्रह १९३० चा, म्हणजे विशीतला. मग 'जीवनसंगीत', 'दूधसागर', 'आनंदभैरवी', 'चित्रवीणा', 'गितार'. कोकणीतल्या 'सासाय'ला १९८१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ते मराठीचे कवी की कोकणीचे, असा पोटप्रश्न आपण पत्राच्या समासात लिहिला आहे. ज्याने दोन्ही भाषांत सारख्याच सहजतेने लिहिले, त्याच्यासाठी आपण समास का आखावा? 'गितार' हे मराठी कवितासंग्रहाचे नाव ठेवणारा कवी गोव्याबाहेर झाला नसता, एवढे मात्र खात्रीने सांगतो. ज्यांनी त्यांना कविता म्हणताना ऐकले आहे, ते सांगतील की ती त्यांनी नुसती वाचली असे क्वचितच घडे. ती चालीवर येई, आणि चाल बहुधा कवितेच्याही आधी सुचलेली वाटे. मृत्यू ८ जुलै १९८४ रोजी.

दुरुस्ती. मागच्या अंकात याच सदरात जयवंत दळवी यांचा जन्म आरवलीला झाल्याचे मी लिहिले होते. काणकोणच्या एका वाचकाने ते चुकीचे असल्याचे कळवले आणि त्यांचेच बरोबर आहे. दळवींचा जन्म १४ ऑगस्ट १९२५ रोजी बार्देशमधल्या हडफडे येथे झाला. बालपण आणि लेखनातला गाव आरवलीचा. आरवली पुस्तकांत इतकी भरून राहिली आहे की जन्मही तिथलाच असणार, असे मी धरून चाललो. तपासून घ्यायला हवे होते. चूक माझी.

प्रश्न : 'माय नेम इज अँथनी गोन्साल्विस' या गाण्यातला माणूस खरोखर होता म्हणतात. कोण होता तो? (वाचक, वास्को)

होता, आणि माजोर्ड्याचा होता. जन्म १९२७ चा. वडील चर्चमधल्या गायकवृंदाचे मेस्त, म्हणजे गाणे शिकवणारे. गोव्यातल्या ख्रिस्ती मुलांना चर्चच्या शाळेत सोल्फाचे, म्हणजे पाच रेघांवर लिहिलेले सूर वाचण्याचे शिक्षण मिळे, आणि पुढे मुंबईच्या चित्रपट-संगीताला हीच माणसे लागली. संगीतकार पेटीवर चाल सांगे, आणि व्हायोलिनच्या पहिल्या ओळीने काय वाजवायचे, दुसरीने काय, ट्रम्पेटने कुठे शिरायचे, हे रात्री बसून कागदावर उतरवणारा 'अरेंजर' बहुधा गोंयकार असे. सकाळी स्टुडिओत प्रत्येक वादकासमोर त्याच्या त्याच्या ओळीचा कागद आलेला असे. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांमागचे सेबॅस्टियन डिसोझा असेच. फ्रँक फर्नांड (१९१९-२००७) हेही तसेच, आणि ते कुडचड्याचे. 'आमचें नशीब' (१९६३) आणि 'निर्मोण' (१९६६) हे कोकणी चित्रपट काढणारे हेच. कुडचडेकरांनी बोरीवाल्यांशी वाद घालताना हे नाव विसरू नये.

अँथनी गोन्साल्विस व्हायोलिन वाजवत आणि शिकवत. त्यांच्या शिष्यांत प्यारेलाल आणि राहुल देव बर्मन होते. भारतीय राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद एकत्र आणण्याचा ध्यास घेऊन त्यांनी १९५८ मध्ये मुंबईत मोठा वाद्यवृंद उभा केला आणि त्यासाठी लता मंगेशकर आणि मन्ना डे यांना एकल गायनासाठी घेतले. पुढे १९६५ मध्ये ते अमेरिकेला गेले, परत आले आणि माजोर्ड्याला निवांत राहिले. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'साठी लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनी गाणे केले तेव्हा प्यारेलाल यांनी गुरूचे नाव त्यात घातले. ज्या वर्षी केसरबाईंचा आवाज आकाशात गेला, त्याच वर्षी गोव्याचे हे दुसरे नाव रस्त्यारस्त्यांवर वाजू लागले. धर्मांतरानंतर ख्रिस्ती कुटुंबांच्या आडनावांतून गाव पुसले गेले, म्हणून गोन्साल्विस म्हटल्यावर माजोर्डे कुणाला आठवत नाही. १८ जानेवारी २०१२ रोजी त्यांचे निधन झाले.

प्रश्न : मुलीला शाळेच्या प्रकल्पासाठी गोमंतकीय कलावंतांची माहिती हवी आहे. प्रत्येक ठिकाणी तारीख वेगळी मिळते. कोणती घ्यावी? (वाचिका, पर्वरी)

मृत्यूची तारीख बहुधा खरी मिळते, कारण दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात ती छापलेली असते. तेव्हा ती आधी पक्की करावी. घोळ जन्मतारखांचा. जुन्या पिढीत शाळेत नाव घालताना वय कमी-जास्त सांगत, आणि नाटक मंडळीत मूल लहान दाखवणे सोयीचे असे. 'वयाच्या अमक्या वर्षी निधन' यावरून उलटी वजाबाकी करून काढलेले जन्मसाल कधी वापरू नये. एका लेखकाने केलेली अशी वजाबाकी पुढे वीस जण उतरून घेतात. दोन स्वतंत्र ठिकाणी एकच तारीख मिळाली तर ती लिहावी, नाहीतर नुसते साल लिहावे. पणजीला पाटो येथील कृष्णदास शामा ग्रंथालयात जुनी वर्तमानपत्रे पाहता येतात. मुलीला बरोबर न्या आणि पाने तिलाच उलटू द्या.

प्रश्न : मोगूबाई कुर्डीकर यांचे कुर्डी गाव पाण्याखाली गेले असे ऐकले. मग ते उन्हाळ्यात दिसते कसे? तिथे जाता येते काय? (वाचक, सावर्डे)

सांगे तालुक्यात साळावली नदीवर धरण झाले आणि कुर्डी त्याच्या जलाशयात गेली. माणसांना वाडे आणि वालकिणी येथे वसवले. गावातले कदंबकालीन महादेवाचे देऊळ दगड दगड सुटा करून धरणाजवळ पुन्हा उभारले गेले. बदकाच्या चोचीसारखा गोल सांडवा पाहायला येणाऱ्या सहलकऱ्यांनी ते पाहिलेले असते, पण ते कुठून आले हे बहुतेकांना ठाऊक नसते. मे महिन्यात जलाशयाचे पाणी उतरले की गाव वर येते. सोमेश्वराचे छोटे देऊळ उघडे पडते आणि जुने कुर्डीकर तिथे जमून उत्सव करतात.

या गावात १५ जुलै १९०४ रोजी मोगूबाईंचा जन्म झाला. आई जयश्रीबाईंनी मुलीला चंद्रेश्वर भूतनाथ संगीत मंडळीत घातले आणि थोड्याच काळात आई वारली. दहाएक वर्षांची पोर एका नाटक मंडळीतून दुसऱ्या मंडळीत जात सांगलीला पोचली. तिथे रियाज करताना तिचा आवाज अल्लादिया खाँ यांच्या कानावर गेला आणि त्यांनी तिला शिकवायला घेतले. खाँसाहेब मुंबईला गेल्यावर त्याही गेल्या, मधल्या काळात इतरांकडे शिकल्या, आणि १९३४ मध्ये रीतसर गंडा बांधून पुन्हा खाँसाहेबांकडे आल्या. १९७४ मध्ये पद्मभूषण. लयीवरची त्यांची पकड अशी होती की तबलजींना त्यांच्यासमोर बसताना जागे राहावे लागे. १० फेब्रुवारी २००१ रोजी त्या गेल्या. कन्या किशोरी यांनी लग्नानंतर आमोणकर हे नाव लावले, म्हणजे डिचोलीतल्या आमोणे गावाचे. आई-मुलीच्या नावांत दोन गावे, आणि त्यांतले एक वर्षातले अकरा महिने पाण्यात. किशोरीताई ३ एप्रिल २०१७ रोजी मुंबईत गेल्या.

काही वर्षांपूर्वी मेमध्ये मी कुर्डीला गेलो होतो. चिखल वाळून भेगाळलेला आणि मेलेल्या झाडांचे बुंधे करड्या रंगाचे होते. घरे नाहीत, जोती आहेत. चिऱ्यांच्या रांगांवरून खोल्यांचा नकाशा कळतो. वालकिणीहून आलेले एक वयस्क गृहस्थ अशाच एका जोत्यावर उभे राहून नातवाला दाखवत होते, ही चूल, हे न्हाणीघर, इथे तुळस. तुळशीवृंदावनाचा खालचा चौथरा तेवढा शाबूत होता आणि त्यावर शिंपल्यांचा थर बसला होता. मोगूबाईंचे घर कुठे, असे मी विचारले, तर त्यांनी हात करून नदीकडची बाजू दाखवली आणि पुन्हा नातवाकडे वळले. सोमेश्वराकडून लाऊडस्पीकरवर भजन ऐकू येत होते.

जायचे असेल तर मेच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या आठवड्यात जावे. त्याआधी पाणी पुरते उतरलेले नसते, आणि पहिला मोठा पाऊस झाला की कच्चा रस्ता गाडी गिळतो. उत्सवाच्या रविवारी गर्दी असते, पण माहिती सांगणारी माणसेही तेव्हाच भेटतात. सावली नाही. पिण्याचे पाणी घरूनच न्यावे.